खुब्याचा सांधा दुसऱ्यांदा बदलला तर किती वर्षं टिकतो?

तुम्ही विचारलंय की वडिलांचा खुबा 14 वर्षांपूर्वी बदलला होता, आता वाटी (कमरेच्या हाडात बसवलेला सांध्याचा भाग) सैल झाली म्हणून डॉक्टर रिव्हिजन, म्हणजे बदललेला सांधा परत बदलायचं ऑपरेशन, सांगतायत. ते किती टिकेल आणि वडील पहिल्यासारखे चालतील का.

मी लातूरला फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन कुठेही झालं तरी पुढचे महिने असे पेशंट आमच्याकडेच येतात.

इंग्लंड-वेल्सच्या सांधेबदल नोंदणीवरून 2022 मध्ये एक मोठा अभ्यास आला. पहिल्या रिव्हिजननंतर 15 वर्षांत साधारण पाचातल्या एकाला परत ऑपरेशन लागलं. हे चांगलंच आहे. पण दुसऱ्या रिव्हिजननंतर तेवढ्याच लोकांवर ती वेळ 7 वर्षांत आली आणि तिसऱ्यानंतर 3 वर्षांत. जुनी वाटी, मांडीच्या हाडात बसवलेला दांडा, सिमेंट काढताना दर वेळी थोडं हाड जातं आणि कुल्ल्याचे स्नायू आणखी कमजोर होतात. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे, पहिलं रिव्हिजन हीच सगळ्यात चांगली संधी. ते नेहमी रिव्हिजन करणाऱ्या सर्जनकडूनच करून घ्या, त्यासाठी पुण्याला किंवा हैदराबादला जावं लागलं तरी जा. फार लांबवूही नका, सैल सांधा आतून हाड खात राहतो.

सांधा सैल का झाला, हे आधी कळू द्या. त्यासाठी ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या करतात, जंतुसंसर्गाची शंका असेल तर सांध्यातलं पाणी काढून कल्चरला (जंतू शोधायच्या तपासणीला) पाठवतात. तोवर मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणून देऊ नका, नाहीतर जंतू असूनही कल्चरमध्ये सापडत नाहीत. जंतुसंसर्ग निघाला तर बऱ्याचदा दोन टप्प्यांत ऑपरेशन होतं: आधी जुना सांधा काढून औषधी सिमेंटचा तात्पुरता सांधा, मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी नवा. शुगर असेल तर ती आत्तापासूनच आटोक्यात आणा.

चालण्याचं म्हणाल तर दुखणं बहुतेकांचं बरंच कमी होतं. पण पहिल्या वेळेइतका फरक पडेल असं धरून चालू नका. काहींचं थोडं लंगडणं राहतं, काहींच्या हातात काठी कायमची येते.

रिव्हिजननंतर सांधा निखळण्याचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, आणि आपल्याकडची घरं त्याला अनुकूल नाहीत. औशाकडचे एक आजोबा घरी गेल्यावर बाजेवर बसले. बाज मधून झोळीसारखी खाली गेलेली, गुडघे खुब्याच्या वर आले, उठायला पुढं वाकले आणि सांधा निखळला. तेव्हा वडील घरी यायच्या आधीच उंच पलंग, हाताची खुर्ची आणि कमोड (नाहीतर कमोडची खुर्ची) तयार ठेवा. पंगतीत पाटावर बसणं, मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद. ‘तुळजापूरच्या पायऱ्या उतरू का?’ हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. कठडा धरून, सोबत कुणी असेल तर, पण सर्जनने वजन टाकायची परवानगी दिल्यावरच.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन त्या दवाखान्यात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

आणि आजच घरात पहिल्या ऑपरेशनची फाईल शोधा. त्यात इम्प्लांटचे छोटे स्टिकर असतात, कंपनी आणि साईज लिहिलेले. दांडा घट्ट असेल तर सर्जन तो तसाच ठेवून फक्त वाटी आणि दांड्यावरचा गोळा बदलू शकतात, पण त्याला बसणारा गोळा मागवायला हेच स्टिकर लागतात. फाईल हरवली असेल तर जुन्या दवाखान्यातून रेकॉर्डची कॉपी मागा.