विमानात चढण्यापूर्वी प्रवाशांचे वजन करावे का?

प्रश्न : काही विमान कंपन्यांनी प्रवाशांना वजनकाट्यावर उभे केल्याचे वाचले. सामानाचे वजन होतेच; मग माणसांचेही करण्याची खरोखर गरज आहे का?

उत्तर : इंधन किती भरायचे, उड्डाणाला किती वेग लागेल आणि विमानाचा गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर त्याचा सारा भार तोलला जातो तो) ठरलेल्या मर्यादेत राहतो की नाही, हे सारे एकूण वजनावर व त्याच्या मांडणीवर अवलंबून असते, तरीही मोठ्या विमानांत प्रत्येक प्रवाशामागे सरासरी आकडा धरला जातो, कारण शेकडो माणसांत कमी-अधिक वजने बरीचशी एकमेकांची भरपाई करतात. मात्र ती सरासरीच जुनी झाली असेल, तर हिशेब फसतो. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे एक लहान प्रवासी विमान उड्डाण करताच कोसळले आणि त्यातील सर्व २१ जण मृत्युमुखी पडले. शेपटीकडील नियंत्रण-तारेची सदोष जुळणी हे कारण होतेच. पण विमान कागदावरील आकड्यापेक्षा जड होते आणि त्याचा भार मागे सरकलेला होता, असेही तपासात आढळले. पुढे तेथील सरासरी वजने वाढवण्यात आली.

म्हणूनच एअर न्यूझीलंडने २०२३ मध्ये आणि फिनएअरने २०२४ मध्ये केले, तसे स्वेच्छेने व नाव न नोंदवता नमुन्यादाखल वजन करणे मला योग्य वाटते. दहा-पंधरा आसनी विमानांत मात्र, संकोच वाटला तरी, प्रत्येकाचे वजन घ्यावे. वजनानुसार भाडे, जे सामोआ एअरने एकेकाळी आकारले, हा निराळा प्रश्न आहे. तो सुरक्षिततेच्या नावाखाली पुढे रेटू नये.