वाणाच्या बरण्यांवर एचिंग क्रीमने नक्षी: घरी जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून 40 छोट्या काचेच्या बरण्या द्यायच्या आहेत, प्रत्येकीवर घरचं आडनाव आणि थोडी नक्षी हवी आहे. एचिंग क्रीम (काच कोरणारी क्रीम) आणून हे घरी जमेल का, आणि घरात लहान मूल असताना करावं का?

जमेल. मी भेटवस्तूंच्या ऑर्डरी घरूनच करते आणि त्यात काचेचं काम बरंच असतं. पण क्रीमचे व्हिडिओ पाहून जे वाटतं त्यापेक्षा काम वेगळं आहे. क्रीम लावणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. नक्षी चांगली येणार की फिसकटणार, हे स्टेन्सिल, म्हणजे अक्षरं कापून काढलेलं स्टिकर, किती घट्ट बसलंय यावर ठरतं. आणि मुलाचं म्हणाल, तर ते शाळेत किंवा आजीकडे असतानाच डबा उघडायचा. यात तडजोड नको.

आधी ही क्रीम करते काय ते सांगते, म्हणजे पुढची काळजी कशासाठी ते कळेल. साध्या काचेत साधारण 70 टक्के सिलिका असते. बाकीची आम्लं तिला सहसा काही करत नाहीत, म्हणून तर प्रयोगशाळेत आम्लं काचेच्या बाटलीत ठेवतात. फ्लोराइड मात्र सिलिका खातं. या क्रीममध्ये बहुधा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते काचेच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खड्डे पाडतं, त्यांच्यावर उजेड विखुरतो आणि तेवढा भाग दुधी दिसतो. म्हणजे वर रंग बसत नाही, काचच झिजते. त्यामुळे नक्षी कितीही घासली तरी निघत नाही, आणि चुकून शिंतोडा उडाला तर तोही कायमचा.

बरणी निवडताना सरळ भिंतीची घ्या. मधाच्या येतात तशा षटकोनी बरण्या सगळ्यात उत्तम, कारण चपटी बाजू मिळते. पोट सुटलेल्या मटक्याच्या आकारावर स्टेन्सिलला सुरकुत्या पडतात आणि क्रीम नेमकी तिथूनच आत शिरते. सगळ्या बरण्या घ्यायच्या आधी एक आणून तिच्या बुडाला थोडी क्रीम लावून बघा. कारखान्यात बरण्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून काहींवर पातळ थर मारलेला असतो. त्यावर नक्षी डागाडागांची उमटते. काचेसारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकवर तर काहीच होत नाही.

आता स्टेन्सिल. महागडं कटिंग मशीन विकत घेऊ नका. गाड्यांवर नावं आणि नक्षी चिकटवून देणारा रेडियमवाला तुमच्या भागात असेलच, त्याच्याकडे प्लॉटर, म्हणजे स्टिकर कापायचं मशीन, असतं. त्याला मजकूर आणि माप द्या. पण एक गोष्ट दोनदा सांगा: अक्षरं काढून टाकायची आहेत, बाजूचा भाग ठेवायचा आहे. त्याच्या हाताला उलट सवय असते. न सांगता दिलंत तर तो सुबक कापलेली अक्षरंच हातात ठेवेल. प्रत्येक नावाभोवती चारी बाजूंनी बोटभर जागा सोडायला सांगा, नाहीतर क्रीम पसरवताना बाहेर जाईल.

देवनागरीत एक जादा कटकट आहे. समजा ‘कदम’ लिहायचंय. अक्षरं काढल्यावर ‘क’च्या पोटातला तुकडा आणि ‘म’च्या गाठीतला बारीक ठिपका सुटे पडतात, त्यांना धरून ठेवायला फक्त मागचा कागद उरतो. म्हणून वरून ट्रान्सफर टेप (स्टिकरचे तुकडे जागच्या जागी उचलणारी हलकी चिकटपट्टी) लावूनच सगळं एकत्र उचलायचं. आणि टाइप जाड, सुटसुटीत निवडायचा. उकार, रफार, वेलांटी यांच्या मधे रेडियमची जी बारीक पट्टी राहते, ती दीड-दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद असली की क्रीमखाली उचलली जाते आणि अक्षराची कड फुटते. नाजूक वळणदार टाइप स्क्रीनवर देखणा दिसतो, बरणीवर त्याची रया जाते.

नक्षीसाठी माझा सल्ला: ठिपके. रेडियमच्या पट्टीला ऑफिसातल्या पंचने भोकं पाडा, साधारण 6 मिलिमीटरची गोल भोकं पडतात. मागच्या कागदावर चौकटी आखून घेतल्या की ठिपक्यांच्या रांगोळीसारखी ओळ जमते. संक्रांतीला शोभतं आणि कटिंगचा खर्चही नाही. कागदी स्टिकर मात्र वापरू नका, ते क्रीम पितात. मोठा भरीव पतंग किंवा बरणीभर जाड पट्टा हेही टाळा. क्रीमने मोठा भाग कधीच एकसारखा येत नाही, ढग आल्यासारखा दिसतो. तिची खरी ताकद बारीकसारीक आकारात आहे.

चिकटवण्याआधी बरणी साबणाने धुऊन कोरडी करा, मग सर्जिकल स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर त्या जागी बोट लावू नका. बोटाचा तेलकट ठसा पडला तर नक्षीतही ठसा येतो. स्टेन्सिल मधून कडेकडे दाबत लावा, ट्रान्सफर टेप हलकेच सोलून काढा, आणि मग जुन्या एटीएम कार्डाने किंवा नखाने प्रत्येक अक्षराची कड पुन्हा एकदा दाबा. सगळा वेळ इथे घालवा. बरणी उजेडात तिरकी धरलीत की जिथे कड उचललेली आहे तिथे चंदेरी रेघ चमकते. ती रेघ नाहीशी होईपर्यंत दाबत राहायचं.

क्रीम ओट्यावर उघडू नका. ग्रॅनाइटची चकाकी तिच्याने जाते, कडप्पा तर लगेच पांढरा पडतो. खिडकीशेजारी टेबलावर प्लॅस्टिक अंथरा, त्यावर वर्तमानपत्र. न फाटलेले नायट्राइलचे हातमोजे, गॉगल आणि पूर्ण बाह्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, त्याची स्क्रीनही काचच आहे. प्लॅस्टिकच्या चमच्याने किंवा ब्रशने क्रीमचा जाड थर द्या, मागची अक्षरं दिसणार नाहीत इतका. वेळ डब्यावर लिहिली असेल ती पाळा. कुठली क्रीम मिनिटभरात काम करते, तर कुठलीला पंधरा मिनिटं लागतात. जास्त वेळ ठेवल्याने नक्षी फारशी खोल होत नाही, उलट कडेने आत शिरण्याची भीती वाढते. पुण्या-नाशिकच्या जानेवारीत क्रीम गारठून तिच्यात खडे होतात. तेव्हा बंद डबा थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवायचा.

वेळ झाली की क्रीम चमच्याने खरवडून परत डब्यात टाका, ती पुन्हा चालते. म्हणून 40 बरण्यांना फार क्रीम लागत नाही, पाच-सहाच्या घाण्याने करत जा. उरलेली ओल्या टिश्यूने पुसा आणि स्टेन्सिल न काढता बरणी प्लॅस्टिकच्या बादलीत भरपूर पाण्याने धुवा. पांढऱ्या सिरॅमिकच्या बेसिनमध्ये धुऊ नका, त्याचं ग्लेझिंगही काचेच्याच जातीचं असतं. ओल्या काचेवर काहीच उमटलेलं दिसणार नाही. घाबरून दुसरा थर देऊ नका, सुकली की दिसतं. खड्ड्यांत पाणी भरलं की उजेड विखुरायचा थांबतो, एवढंच. तेलकट हात लागला तरी तात्पुरतं तसंच होतं.

नक्षी बाहेरूनच करा आणि काठापासून दोन-तीन सेंटीमीटर सोडा. गरम पाणी आणि साबणाने नीट धुतल्यावर बरणीत तिळगूळ भरायला हरकत नाही.

त्वचेला लागलं तर काय, हे मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण लोक इथेच गाफील राहतात. सौम्य फ्लोराइड लगेच भाजत नाही. वेदना काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होते, तोवर ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम धरू लागलेलं असतं. म्हणून दुखत नसलं तरी हात लगेच वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं धरा, कपड्यावर पडलं असेल तर तो उतरवा आणि डब्याचा फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांना ‘फ्लोराइडचं आम्ल’ असं स्पष्ट सांगा, कारण त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात, नेहमीचं भाजल्याचं मलम नाही. हे जेल आधीच आणून ठेवता आलं तर फारच चांगलं. डोळ्यात गेलं तर पाण्याने धूत-धूतच दवाखाना गाठायचा.

काच कोरायचं आम्ल म्हणून सुट्या बाटलीत, लेबल नसलेलं पातळ द्रव कोणी देऊ केलं तर घेऊ नका. लेबल असलेली क्रीमच घ्या. आणि उरलेली क्रीम तिच्याच प्लॅस्टिकच्या डब्यात, झाकण घट्ट लावून, मुलाचा हात पोचणार नाही अशा कपाटात कुलपात ठेवा. दुसऱ्या बरणीत काढून तर अजिबात ठेवू नका, काचेच्या तर नाहीच.