कांदळवन उद्यानातील जीर्ण लाकडी पादचारी मार्ग बदलताना कोणते साहित्य वापरावे, म्हणजे व्हीलचेअरही सहज जाईल?

खाऱ्या पाण्यावरील मार्गासाठी खडबडीत पृष्ठभागाची, बारीक गाळ्यांची फायबरग्लास जाळी (चालण्यासाठीची कडक, जाड जाळी) घ्यावी आणि ती ३१६ दर्जाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यात कमी गंजणाऱ्या, स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांनी बसवावी. फायबरग्लास कुजत किंवा गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. शिवाय जाळीतून ऊन-पाऊस खाली पोहोचत असल्यामुळे चिखलातील तिवरांची रोपे सावलीत खुरटत नाहीत, आणि मला हेच कारण सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुनर्वापरित प्लास्टिकच्या फळ्या स्वस्त पडल्या तरी उन्हात प्रसरण पावतात आणि भाराखाली हळूहळू वाकतात. जाळीचा गाळा १३ मिलिमीटरपेक्षा रुंद नसावा, ही अमेरिकेच्या सुगम्यता मानकांतील मर्यादा आहे, कारण त्याहून मोठ्या फटीत व्हीलचेअरचे पुढचे छोटे चाक किंवा पांढऱ्या काठीचे टोक अडकू शकते. उतार १:१२ पेक्षा (१२ मीटर लांबीला १ मीटर चढ) तीव्र नको आणि चाक घसरू नये म्हणून दोन्ही कडांना बुटकी पट्टी हवी. मात्र जुने लाकडी खांब तसेच ठेवणार असाल, तर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ते आधी हातोडीने ठोकून तपासावेत. लाकूड पोखरणारे सागरी जीव तिथेच शिरतात, आणि पोकळ आवाज येणारा खांब बदलल्याशिवाय वरचे काम सुरू करू नये.