खिशातल्या चाकूचं पुढे काय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर, मी बरीच वर्षं घडीचे चाकू जमवतोय. एकीकडे सारखं नवीन मॉडेल, नवीन स्टील, नवीन लॉक, आणि दुसरीकडे जो तो देश कायदे कडक करत चाललाय. हे मार्केट टिकणार का?

उत्तर: टिकेल, पण त्याचे दोन तुकडे पडतील, माझ्या मते पडलेच आहेत. एक कपाटात ठेवायच्या चाकूंचा आणि एक खरोखर खिशात राहणाऱ्या चाकूंचा.

हे झालं कसं ते बघा. १९८१ साली स्पायडरको या अमेरिकन कंपनीने पात्याला गोल भोक आणि मुठीला क्लिप असलेला चाकू काढला, आणि तेव्हापासून सगळी शर्यत एकाच गोष्टीची राहिली, की चाकू एका हाताने किती झटकन उघडतो आणि उघडल्यावर किती घट्ट उभा राहतो. उघडलेलं पातं मिटू नये म्हणून अडकवून ठेवणारी लॉकं आली, लायनर लॉक आलं, फ्रेम लॉक आलं, बेंचमेड कंपनीचं ॲक्सिस लॉक आलं, आणि त्याचं पेटंट संपल्यावर तसलंच आडव्या पिनचं लॉक अगदी स्वस्तातल्या चाकूतही मिळायला लागलं. म्हणजे कंपन्यांनी इतकी वर्षं दोनच गोष्टी विकल्या, एका हाताने उघडणं आणि लॉक. आणि कायद्याची नजर पण नेमकी त्याच दोन गोष्टींवर आहे!

जर्मनीत २००८ पासून एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू योग्य कारणाशिवाय बाळगता येत नाही. ब्रिटनमध्ये ३ इंचापर्यंतच्या धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकू चालतो, पण लॉक आलं की पातं कितीही छोटं असो, कारण द्यावं लागतं. जपानमध्ये ६ सेंटीमीटरपेक्षा मोठं पातं असेल तर तसंच. त्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या सोलिंगेनला भर उत्सवात चाकूहल्ला झाला, तीन माणसं गेली, आणि सोलिंगेन म्हणजे शेकडो वर्षं पाती बनवणारं गाव हो. त्यानंतर जर्मनीने स्प्रिंगने उघडणारे चाकू जवळजवळ बंदच केले आणि सार्वजनिक उत्सवात चाकू नेणंही. हे मागे फिरेल असं मला अजिबात वाटत नाही.

त्यामुळे खिशातला चाकू छोटा होणार, दोन हातांनी उघडणारा होणार आणि लॉक नसलेला, म्हणजे ज्याला स्लिपजॉइंट म्हणतात तो, परत येणार. स्विस आर्मी चाकू बनवणाऱ्या विक्टोरिनॉक्सच्या प्रमुखांनी तर २०२४ मध्ये सांगून टाकलं की आम्ही पातंच नसलेलं पॉकेट टूल बनवतोय. लोकांना ते विचित्र वाटलं, मला नाही वाटलं, कारण २००१ च्या सप्टेंबरमधल्या अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर विमानात चाकू बंद झाले आणि त्यांच्या विक्रीला केवढा फटका बसला होता हे ते विसरलेले नाहीत.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. इंग्लंड आणि वेल्समध्ये धारदार हत्याराने जे खून होतात त्यात सगळ्यात जास्त सापडतो तो स्वयंपाकघरातला चाकू, आणि नियमांचा त्रास होतो दोरी, वायर, खोकी कापणाऱ्या माणसाला. टोक गोल केलेले स्वयंपाकाचे चाकू सगळीकडे यावेत अशी मागणी तिकडे होतेय, ती मला जास्त पटते, भाजी कापायला टोक लागतच नाही.

प्रश्न: मॅग्नाकट स्टीलचा चाकू घ्यावा का? सगळे त्याचंच नाव घेतात.

उत्तर: स्टील खरंच चांगलं आहे. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने ते तयार केलं, २०२१ मध्ये बाजारात आलं. त्यात क्रोमियमचे कठीण कण राहू दिलेले नाहीत, क्रोमियम सगळं गंज रोखायच्या कामाला लागतं आणि धार टिकवायचं काम व्हॅनेडियम आणि नायोबियमचे बारीक कण करतात, म्हणून न गंजणं आणि न तुटणं दोन्ही एकत्र जमलंय. पण तेच स्टील एकाने नीट तापवून थंड केलं आणि दुसऱ्याने घाईत केलं तर दोन चाकूंत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, तेव्हा स्टीलच्या नावाआधी बनवणारा बघा. आणि तुम्ही दिवसाला दोन खोकी उघडत असाल तर साधं स्टील आणि धार लावायचा एक दगड पुरतो, तो दगड वापरायला शिका मात्र.

प्रश्न: सर मी कॉलेजला आहे, रात्री उशिरा परत येतो, सेफ्टीसाठी खिशात चाकू ठेवू का? मित्र ठेवतात.

उत्तर: नको. अरे, भांडणात चाकू निघाला की तो कोणाच्या हातात जाईल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मांडीला किंवा दंडाला एक वार बसून मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर माणूस काही मिनिटांत जातो, मग तो तू असशील नाहीतर समोरचा. वर पोलिसांनी विचारलं आणि तू ‘सेफ्टीसाठी’ म्हणालास तर बहुतेक ठिकाणी तेच कारण तुझ्या विरुद्ध जातं, कारण म्हणजे तो चाकू तू माणसावर वापरायलाच ठेवला होतास. मित्रांनाही हे सांग, प्लीज. उजेडाच्या रस्त्याने ये, कोणाला तरी सोबत घे, फोन चार्ज ठेव, आणि पळायची वेळ आली तर पळ.

प्रश्न: विमानात छोटा चाकू चालतो का?

उत्तर: केबिनमध्ये नेऊच नका, चेक-इन बॅगेत टाका. अमेरिकेत २०१३ मध्ये छोट्या पात्याला परवानगी द्यायचं ठरत होतं, पण केबिन क्रूचा इतका विरोध झाला की मागे घ्यावं लागलं. आणि जिथे उतरणार तिथला नियम आधी वाचून घ्या, बॅगेतून नेता आला म्हणजे तिथे खिशात ठेवता येतो असं नाही.

प्रश्न: तुम्ही लॉक नसलेला चाकू सुचवता पण तो बोटावर मिटला तर?

उत्तर: चुकीचा वापरला तर मिटतोच. स्लिपजॉइंट फक्त मागच्या स्प्रिंगवर उभा असतो, त्यामुळे धारेच्या बाजूने दाब असेल तोपर्यंत ठीक, पण टोक खुपसायला गेलात किंवा पात्याच्या पाठीवर जोर दिलात की तो बंद व्हायला बघतो. भोक पाडायचं असेल तर टोच्या घ्या, चाकू नको. घेताना अर्ध्यात थांबणारं पातं बघा, म्हणजे मिटायला लागलं तरी मध्ये एकदा अडतं आणि बोट काढायला वेळ मिळतो. पात्याच्या मुळाशी बोटापुरती बिनधारेची खाच असेल तर अजून चांगलं, मिटलं तरी बोटावर धार येत नाही. आणि रोज जोर लावून कापायचं काम असेल तर घडीचा घेऊच नका, सरळ न मिटणारा, म्यानातला चाकू घ्या आणि तो कामाच्या पेटीतच राहू द्या.