वाचकांचे प्रश्न: सिस्टर चांगल्या आहेत, हे ओळखायचं कशावरून?

प्रश्न : माझे सासरे (वय 74) पक्षाघातामुळे आठ दिवसांपासून ग्रामीण रुग्णालयात आहेत. दिवसपाळीच्या सिस्टर गोड बोलतात, सगळ्यांची विचारपूस करतात. रात्रपाळीच्या सिस्टर मोजकंच बोलतात, वर आम्हाला झोपेतून उठवून सासऱ्यांना कुशीवर वळवायला लावतात. पहिल्या दिवशी तर पाणीही पाजू दिलं नाही. घरातले तक्रार करायची म्हणतात. आम्हाला चांगली शुश्रूषा कळणार कशी?
— एक वाचक, जि. धाराशिव

उत्तर : तक्रार करू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून रात्रीच्या सिस्टर आपलं काम चोख करताहेत.

पक्षाघातात गिळण्याच्या स्नायूंवरचा ताबा जाऊ शकतो. अशा रुग्णाला झोपवून पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत उतरू शकतं आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून आधी रुग्णाला नीट बसवून चमच्या-चमच्याने थोडं पाणी देऊन पाहायचं असतं. ठसका लागला, आवाज ओलसर झाला किंवा पाणी ओठांतून ओघळलं, की तोंडाने काहीही देणं बंद. "तहानलेत हो बिचारे" म्हणणाऱ्या नातेवाइकांना अडवणं हा वाईटपणा सिस्टरच घेतात.

कुशीवर वळवणं दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. माकडहाड, खुबे आणि टाचा या जागी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथलं रक्त थांबतं. लाल झालेल्या जागी बोट दाबून सोडा. जागा क्षणभर पांढरी पडली तर ठीक. लालच राहिली तर शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात आहे. तिथे तेल लावून चोळू नका, आतली इजा वाढते. हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते. ती गादी आणली की घरचे निर्धास्त होतात, ही नेहमीची चूक.

आता वळवताना सिस्टरांचे हात बघा. लुळा हात धरून ओढला तर खांदा सांध्यातून सरकू शकतो आणि पुढे महिनोन्महिने दुखतो. जाणकार सिस्टर खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालून वळवतात, लुळ्या हाताखाली उशी देतात, शक्यतो सलाईनही चांगल्या हाताला लावतात. वळवण्याआधी "बाबा, आता डाव्या कुशीवर घेते" असं सांगतात. रुग्णाला बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नव्हे. कपडे बदलताना पडदा ओढतात, पडदा नसेल तर चादर धरायला लावतात. आम्ही माया म्हणतो ती याला.

तक्त्याकडेही नजर टाका. रक्तदाब चारही वेळा 120/80 आणि श्वास प्रत्येक वेळी 20 लिहिलेला असेल, तर कुणीतरी टेबलावर बसून आकडे भरलेत. श्वास छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. रुग्ण बिघडताना बऱ्याचदा रक्तदाबाआधी श्वासच वाढतो, आणि नेमका तोच आकडा सर्रास अंदाजे लिहिला जातो. लघवीची पिशवी जमिनीला टेकलेली नसावी, पण मूत्राशयाच्या पातळीच्या खाली असावी. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली लघवी व्हायला हवी. पिशवी रिकामी करताना माप घेऊन लिहिणाऱ्या सिस्टर दिसल्या, तर निश्चिंत राहा.

आणि दिवसपाळीच्या सिस्टर? गोड बोलणं वाईट नाही. त्याही याच गोष्टी करतात का, एवढंच पाहा.

प्रश्न : सलाईन संपत आली की आईला हवा जाईल अशी भीती वाटते. सिस्टर लगेच येत नाहीत. नळीवरचं चाक आम्हीच फिरवलं तर चालेल का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : साध्या टांगलेल्या सलाईनमध्ये बाटली संपली की धार सहसा नळीतच थांबते. खरा त्रास वेगळाच: रक्त नळीत मागे चढतं, गोठतं, सुई बंद पडते आणि आईला पुन्हा टोचून घ्यावं लागतं. म्हणून बाटलीत साधारण 50 मिली उरलं असतानाच सिस्टरांना सांगा. त्या येईपर्यंत बाटली पूर्ण रिकामी झालीच, तर चाक बंद करण्यापुरती मुभा. वेग वाढवायला मात्र हात लावू नका. वृद्ध किंवा हृदयाच्या रुग्णाच्या फुप्फुसात पाणी भरू शकतं. बाटलीत पोटॅशियम घातलेलं असेल तर हृदय बंद पडू शकतं.

वेग ठरवण्याचा हिशोब असतो. 500 मिली 8 तासांत द्यायचं आणि सलाईनचा सेट, म्हणजे नळी, 20 थेंबांना एक मिलीचा असेल, तर मिनिटाला सुमारे 21 थेंब. घड्याळ लावून थेंब मोजणाऱ्या, बाटलीवर पट्टी चिकटवून सुरू केल्याची वेळ लिहिणाऱ्या आणि सुई लावल्याची तारीख टाकणाऱ्या सिस्टर हुशार. सुईच्या जागी सूज, लाली, गारवा किंवा दुखणं असेल तर लगेच दाखवा. ते ऐकून "चालतंय, राहू दे" असं उत्तर आलं, तर परिसेविकांना, म्हणजे वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरांना, सांगा.

प्रश्न : बाळंतपणात एका सिस्टरांनी फार आपुलकीने काळजी घेतली. साडी आणि पाकीट देऊ केलं, त्यांनी घेतलं नाही. राग आला असेल का? आभार कसे मानू?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : राग कसला! सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू आहेत आणि भेटवस्तूंवर त्यात बंधनं आहेत. शिवाय एकाने पाकीट दिलं की पुढच्या खाटेवरच्या गरीब बाईला वाटतं, दिल्याशिवाय बघत नाहीत.

पत्र लिहा. अमेरिकेत सिएटल इथे 1999 मध्ये पॅट्रिक बार्न्स या तरुणाचं निधन झालं, तेव्हा त्याच्या कुटुंबाने नर्सचे आभार मानण्यासाठी डेझी पुरस्कार सुरू केला. आज त्यासाठी रुग्ण, नातेवाईक आणि सहकारी नर्सचं नाव सुचवतात, नेमकं काय केलं ते लिहून. आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार 1973 पासून आहे, पण त्याची वाट बघायची गरज नाही.

"सिस्टर खूप प्रेमळ आहेत" एवढ्याने काही कळत नाही. तारीख, पाळी, वॉर्ड आणि कृती लिहा: "प्रसूतीनंतर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भाशय आवळलं आहे का ते पाहिलं, रक्तस्राव तपासला, तासाभरात बाळाला छातीशी लावून दिलं." बाळंतिणीचा जीव जाण्याचा मोठा धोका याच वेळेत, अतिरक्तस्रावाचा असतो, त्यामुळे वाचणाऱ्या डॉक्टरांना या कामाचं वजन लगेच कळतं. सोबत मदत करणाऱ्या आया-मावशींचंही नाव घाला. त्यांना कुणी विचारत नाही.

पत्र रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने, एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना. सिस्टरांच्या हातात नुसतं देऊ नका. आवक-जावक टेबलावर द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या आणि त्या प्रतीची झेरॉक्स सिस्टरांना द्या.