फॉरेन्सिकचा डिप्लोमा की कार्यशाळा? आधी तुमची फाइल उघडा

तुमचा प्रश्न असा समजलो: चार वर्षांची प्रॅक्टिस आहे, विधी सेवा प्राधिकरणाकडून नागपूर सेशन्समध्ये खुनाची पहिलीच केस बचावासाठी मिळाली आहे. दोषारोपपत्रात सी.ए. रिपोर्ट (सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) आहे, डीएनए आहे. एक वर्षाचा ऑनलाइन डिप्लोमा करावा की दोन दिवसांची कार्यशाळा, असं तुम्ही विचारताय. भिंतीवर प्रमाणपत्र हवं असेल तर डिप्लोमा खुशाल करा. ही केस चालवण्यासाठी आज दोन्हींची गरज नाही.

डिप्लोम्यात प्रयोगशाळा आतून कशी चालते ते शिकवतात. आपल्याकडचे तपास बहुतेक वेळा गळतात ते माल प्रयोगशाळेच्या दारात पोचण्याआधीच. शिवाय वीस वर्षं रक्ताचे नमुने तपासणाऱ्या माणसाला त्याच्याच शास्त्रात हरवायला निघालात, तर न्यायाधीश साहेबांसमोर तो तुमचा क्लास घेईल.

सगळ्यात आधी तारीख बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३० प्रमाणे, कागदपत्रं मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रत्येक कागद खरा मानता की नाही ते सांगावं लागतं. कोर्ट कारण नोंदवून मुदत वाढवू शकतं, पण त्या भरवशावर राहू नका. त्याच कलमात पुढे म्हटलंय की कोणत्याही पक्षाने अहवालावर वाद घेतला नाही, तर तज्ज्ञाला कोर्टात बोलावलंच जाणार नाही. म्हणजे यादीवर सवयीने ‘कबूल’ लिहिलंत की उलटतपासणी तिथेच संपली. शवविच्छेदन अहवालावर डोळे झाकून कबुली देणारे वकील आपल्याच बाररूममध्ये भरपूर आहेत. काहून देतात, ते त्यांनाच ठाऊक. कलम ३२९ मुळे सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल त्याची साक्ष न घेताही पुरावा म्हणून वाचता येतो. त्याला बोलवायचं की नाही हे कोर्टाच्या मर्जीवर असतं, म्हणून अर्जात नेमकी कारणं द्या. ‘न्यायाच्या हितासाठी’ एवढ्यावर भागत नाही.

आता सी.ए. रिपोर्ट उलटा वाचा, शेवटाकडून सुरुवातीकडे. निष्कर्ष सोडा, आधी ‘सील शाबूत, नमुन्याप्रमाणे’ ही ओळ बघा. मग प्रयोगशाळेत माल मिळाल्याची तारीख, तो नेणाऱ्या शिपायाचं नाव, पाठवणीचं पत्र, ठाण्याचं मुद्देमाल रजिस्टर आणि शेवटी जप्ती पंचनामा. पंचनाम्यात सील लावल्याचा उल्लेख आहे का? सीलचा नमुना वेगळा पाठवला का? रजिस्टरमधून माल एका तारखेला बाहेर पडला आणि दुसऱ्याच तारखेला धंतोलीच्या प्रयोगशाळेत पोचला, तर मधल्या काळात तो कुठे होता? शिपायाला साक्षीदार केलं आहे का? हे सगळे प्रश्न मराठी वाचता येणाऱ्या कुणालाही विचारता येतात.

आपल्या गावात आणखी एक गोष्ट विचारायची असते, ती म्हणजे ऊन. घटना मे महिन्यातली असेल, बाहेर पंचेचाळीस अंश आणि मुद्देमाल खोलीवर टिनपत्रे, तर रक्ताने ओले कपडे वाळवून कागदी पिशवीत ठेवले की तसेच प्लॅस्टिकमध्ये बांधले? ओल आणि उष्णता एकत्र आली की जिवाणू वाढतात, डीएनए तुटतो आणि रक्तगटही ‘अनिर्णित’ येऊ शकतो. दिल्लीच्या छावला प्रकरणात (तरुणीवरचा सामूहिक बलात्कार आणि खून) नमुने १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ ला जप्त झाले आणि प्रयोगशाळेकडे गेले २७ तारखेला. तोवर ते ठाण्याच्या मालखान्यात पडून होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना सोडलं, त्यामागच्या कारणांत हेही होतं. डीएनए अहवालामागचा आधार आणि तंत्र नीट वापरलं गेलं की नाही, हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासलंच नाही, असंही तिथे म्हटलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२५ च्या कट्टावेल्लई निकालात तर डीएनएचे नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचे आणि ताब्याची साखळी दाखवणारं रजिस्टर ठेवायचं, असे निर्देशच आहेत. दोन्ही निकाल मुळातून वाचा, हेडनोटवर, म्हणजे वर छापलेल्या सारांशावर, थांबू नका.

रक्तगटाचं थोडक्यात. आरोपीच्या शर्टावर ‘बी’ गटाचं मानवी रक्त सापडलं एवढ्याने फार काही सिद्ध होत नाही. ओ आणि बी हे आपल्याकडचे सगळ्यात जास्त आढळणारे गट आहेत. आरोपीचा स्वतःचा गट कोणता, त्याच्या अंगावर जखम होती का, हे पाहिलंय का?

विज्ञान लागतं ते यानंतर, आणि तेही मोजकं. सफरचंदाच्या बागांवरून उभ्या राहिलेल्या हिमाचल विरुद्ध जय लाल (१९९९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तज्ज्ञाने निष्कर्षाबरोबर तो तपासून पाहण्याचे शास्त्रीय निकषही कोर्टापुढे ठेवले पाहिजेत. तेच धरून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कागदपत्रं हजर करण्यासाठी अर्ज करा: प्रयोगशाळेची वर्कशीट, डीएनएचे आलेख, कंट्रोल नमुन्यांचे (चाचणी बरोबर चालते का हे पाहण्यासाठीच्या नमुन्यांचे) निकाल, डीएनएच्या किती जागांवर जुळणी झाली आणि अशी जुळणी योगायोगाने होण्याची शक्यता किती धरली. नुसतं ‘जुळते’ लिहिलेला अहवाल अर्धाच असतो.

एक सावधगिरी मात्र ठेवा. अहवाल तुमच्या बाजूने मोघम असेल तर तज्ज्ञाला बोलवायच्या भानगडीत पडू नका. पिंजऱ्यात येऊन तो राहिलेली भोकं स्वतःच बुजवेल, आणि सरकारी वकील मनातल्या मनात तुमचे आभार मानतील.

राहता राहिलं प्रशिक्षण. भाषणं आणि प्रमाणपत्रवाटपाच्या कार्यशाळा मी मोजत नाही. उपयोग होतो तो साक्ष घेण्याच्या सरावाचा. पाच-सहा वकील जमा, मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या न्यायवैद्यक विभागातले एखादे प्राध्यापक आणि निवृत्त रासायनिक विश्लेषक मिळतात का बघा, नावं काढलेली खरी फाइल त्यांना द्या आणि एकेकाने उभं राहून त्यांची उलटतपासणी घ्या. नंतर त्यांनाच विचारा, कोणत्या प्रश्नाला अडचण झाली. प्राधिकरणाकडे तसा लेखी प्रस्ताव द्या. बचाव वकिलांचं प्रशिक्षण हे त्यांच्या कामातलंच आहे.

मोबाइल आणि सीसीटीव्हीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दोषारोपपत्रात असणारच. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते आणि हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये बदल झाला तर ओळखू येणारा तिचा आकडी ठसा) लिहावी लागते. दुसरा भाग कोरा आहे का, ते आजच बघून घ्या. कलम ९४ च्या अर्जाचा मसुदा नावं खोडून इथे टाकलात, तर रविवारी वाचून सांगतो.