कपडा सगळ्यांचा, खूण ज्याची त्याची

सप्रेम नमस्कार.

तुमच्या गेमच्या तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळी सीझनची, म्हणजे तेव्हाच्या पर्वाची, स्किन (पात्राचा पोशाख) गेममधल्या दुकानात परत आणायची की नाही, याचं टिपण तुला सोमवारपर्यंत द्यायचं आहे. दुकानवाली टीम एका बाजूने ओढतेय, जुने खेळाडू दुसऱ्या बाजूने, आणि तू विचारतेस, कोणाची बाजू घेऊ? अगं, बाजू घेण्याची वेळ का आली ते आधी बघ. तेव्हाच्या जाहिरातीत कुणीतरी लिहून टाकलं, 'पुन्हा कधीच मिळणार नाही'. चार शब्द. लिहिणाऱ्याला त्या आठवड्याची विक्री मिळाली, हप्ते तू फेडतेयस.

माझं म्हणणं एका ओळीचं आहे आणि तू वैतागेपर्यंत मी ते सांगणार आहे. कपडा सगळ्यांचा, खूण ज्याची त्याची. पोशाख, बंदुकीचा रंग, इमोट (पात्राचा नाच किंवा हावभाव), पाठीवरची बॅग हा सगळा कपडा. तो आज ना उद्या कुणालाही मिळाला तरी कुणाचं काही जात नाही. 'हा तेव्हा इथे होता', 'हिने हे करून दाखवलं' ही खूण. ती विकायची नाही, भरपाई म्हणून वाटायची नाही, परत आणायची नाही. 'कधीच' हा शब्द खर्च करायचा तर फक्त तिथे.

ऑगस्ट २०२४ मध्ये फोर्टनाइट या गेमच्या दुकानात पॅराडाइम नावाची स्किन चुकून विक्रीला आली. ती होती २०२२ च्या एका बॅटल पासमधली. पास म्हणजे सीझनभर खेळून पायऱ्या चढायच्या आणि पायरीपायरीवर वस्तू मिळवायच्या, अशी योजना. आधी जाहीर झालं की स्किन काढून घेऊ आणि पैसे परत करू. गदारोळ झाला तसा निर्णय फिरला. घेतलेली स्किन ठेवा, आणि मूळ सीझनमध्ये मिळवलेल्यांना एक वेगळा व्हेरिएंट, म्हणजे त्याच स्किनचं निराळं रूप देऊ. म्हणजे धावपळ करून पोचले कुठे? कपडा सगळ्यांना, खूण जुन्यांना. त्याच महिन्यात सुरू झालेल्या सीझनपासून त्यांनी नियमही बदलला. पासमधल्या वस्तू पास संपल्यावर १८ किंवा अधिक महिन्यांनी दुकानात येऊ शकतात, असं आधीच सांगून ठेवलं. त्यातला 'सीझनपासून' हा शब्द अधोरेखित कर. नियम पुढच्यांसाठी बदलला, मागे दिलेल्या शब्दावर बोळा फिरवला नाही.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधला मेज टॉवर तुला ठाऊक असेलच. एकट्याने लढायची अवघड झुंज, जिंकलं की शस्त्राचं खास रूप. २०१८ मध्ये ती बंद झाली. डिसेंबर २०२१ मध्ये झुंज परत आली ती नव्या बक्षिसांसह, जुनी शस्त्ररूपं मात्र ज्यांनी तेव्हा जिंकली त्यांच्याकडेच राहिली. नव्यांना लढायला मिळालं, जुन्यांची खूण शाबूत. तुझ्या टिपणात हे उदाहरण घाल.

उलटं उदाहरण टीम फोर्ट्रेस २ मधल्या, पात्राच्या कानात घालायच्या इयरबड्सचं. जून २०१० मध्ये हा गेम मॅकवर आला, तेव्हा मोजक्या दिवसांत मॅकवर खेळलेल्यांना ते मिळाले. कर्तब काही लागलं नाही, त्या दिवसांत हजर असलं की झालं. पुढे खेळाडूंच्या अदलाबदलीत ते नाण्यासारखे चालू लागले, टोप्यांचे भाव इयरबड्समध्ये सांगायचे लोक. खूण हस्तांतर करता आली की ती खूण राहत नाही, चलन होते. म्हणून खूण खात्याला बांधलेली हवी. भेट देता येणार नाही, बाजारात टाकता येणार नाही.

आता तू म्हणशील, डेटा सांगतो की ज्यांच्याकडे एक्सक्लुझिव्ह स्किन आहे ते जास्त टिकतात. थांब जरा. शंभर पायऱ्या चढून ज्यांनी स्किन मिळवली ते आधीपासूनच रोज खेळणारे होते. स्किनमुळे टिकले की टिकणारे होते म्हणून स्किन मिळाली, हे त्या आलेखात दिसतच नाही. बघायचंच असेल तर उंबरठ्यावरचे खेळाडू बघ. सीझन संपताना ९५ ते ९९ व्या पायरीवर अडकलेले एका गटात, कशीबशी १०० ते १०२ गाठलेले दुसऱ्या गटात. दोघांची खेळण्याची सवय जवळपास सारखी. पायऱ्या विकत घेऊन वर गेलेले आधी बाजूला काढ, नाहीतर तुलना बिघडते. मग पुढच्या सीझनच्या ७ व्या आणि ३० व्या दिवशी कोणत्या गटातले किती परत आले ते मोज. हुकलेले लोक चिडून निघून जात असतील तर ते इथे दिसेल. सीझनच्या शेवटच्या आठवड्यात लॉगिन उसळतात त्याला निष्ठा म्हणू नकोस, ती परीक्षेच्या आदल्या रात्रीची जाग आहे.

तुझ्या पासचा हिशेबही एकदा स्वतः, हाताने करून बघ. समज, १०० पायऱ्या, प्रत्येकी १,००० गुण, म्हणजे एक लाख. सीझन १० आठवड्यांचा. साप्ताहिक कामगिऱ्यांमधून आठवड्याला ४,००० धरले तर ४०,००० झाले. उरले ६०,०००. एका सामन्याला २०० गुण आणि २० मिनिटं, म्हणजे ३०० सामने, १०० तास. आठवड्याला १० तास झाले. आता नोकरी करणारा माणूस घे, जो आठवड्यातून चार दिवस तासभर खेळतो. त्याचे सीझनमध्ये ४० तास, १२० सामने, २४,००० गुण. कामगिऱ्या एकही न चुकवता तो ६४ व्या पायरीवर थांबणार. शेवटचा पोशाख १०० व्या पायरीवर! हा माणूस आळशी नाही की बेइमान नाही, त्याने सत्तर दिवस तुझ्या गेमला वेळ दिला. आणि शेवटच्या दिवशी त्याला पडद्यावर काय दिसतं? उरलेल्या ३६ पायऱ्या विकत घ्या. त्याच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?

यावर उपाय आहे आणि तो कुणाला शोधून काढायचा नाही. हेलो इन्फिनिटने २०२१ मध्ये न संपणारे पास आणले, हेलडायव्हर्स २ च्या वॉरबाँड्सना, म्हणजे तिथल्या पासना, मुदत नाही, डीप रॉक गॅलॅक्टिकमध्ये आता जुना सीझन पुन्हा निवडून खेळता येतो. आपला ६४ वाला पुढच्या दोन महिन्यांत निवांत चढेल. आणि ज्याने सीझन चालू असतानाच शंभरी गाठली? त्याला खूण. सीझनचा क्रमांक असलेला बॅज, प्रोफाइलची चौकट, लॉबीत, म्हणजे सामन्याआधी जमायच्या जागी, उभं राहिल्यावर पायाखाली दिसणारं चिन्ह. कपडा सगळ्यांचा, खूण ज्याची त्याची. सांगितलं ना, वैतागशील.

१९७३ सालचा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग पासचा आराखडा करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. चित्रं काढायला मुळातच आवडणारी बालवाडीतली मुलं त्यांनी घेतली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात, आधी आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांकडे फिरकली. त्या प्रशस्तिपत्राचं नाव होतं 'गुड प्लेअर'. आमच्या धंद्याने या नावावरूनही काही बोध घेतला नाही.

तू म्हणशील, 'लवकर घ्या, मुदत संपतेय' सांगणारे हे टायमर तुमच्याच पिढीने लावले. लावले. टायमर लावला की विक्री हलते, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे, आणि टीमचे पगार त्या विक्रीतूनच निघतात. सीझनला शेवट असावा, असं मी अजूनही म्हणते. शेवट नसेल तर चित्रकारांना श्वास घ्यायला जागा मिळत नाही आणि खेळाडूंना परत येण्याचं निमित्त मिळत नाही. सीझन संपतो याचा अर्थ त्यातलं सगळं जाळून टाकायचं असा आम्ही लावला, तिथे चुकलं. एवढं कबूल करते. पुढचं तुझ्या हातात आहे, तेव्हा माझी वकिली पुरे.

आता तुझ्या स्किनचं. इथे माझाच नियम मला थोडा मोडावा लागतोय. तुमच्या लोकांनी 'कधीच' लिहिलंय, म्हणून ती स्किन परत आणायची नाही. कपडा असला तरी नाही. त्याच थीमची दुसरी करा आणि नाव वेगळं द्या. नुसता रंग बदलून भागणार नाही. नकाशातल्या उजेडात रंग उडतात, आणि ज्यांना लाल-हिरवा फरक दिसत नाही त्यांना दोन्ही एकच वाटतात. बाह्यरेषा बदलायला सांग. खांदे, डोक्यावरचं, पाठीवरचं. तीस मीटरवरून नुसती काळी आकृती दिसेल अशा दोन्ही उभ्या कर, टीमबाहेरच्या कुणालातरी ओळखायला सांग. ओळखता नाही आली तर परत चित्रकाराकडे.

जाहिरातीचा मजकूर दुकानवाल्यांच्या हाती सोडू नकोस, स्वतः लिही. 'फक्त ४८ तास! पुन्हा कधीच नाही!' याच्या जागी असं काहीतरी: 'हा पोशाख या सीझनच्या पासमध्ये आहे. सीझन संपल्यावर किमान १२ महिने तो दुसरीकडे मिळणार नाही, त्यानंतर दुकानात येऊ शकतो. पाठीवरचं चिन्ह फक्त या सीझनमध्ये १०० वी पायरी गाठणाऱ्यांना मिळेल आणि ते परत येणार नाही.' तीन वाक्यं आहेत आणि तिन्ही पाळता येतात. टायमर खोटा असेल, म्हणजे घड्याळ शून्यावर गेलं आणि तीच वस्तू महिन्याभरात परत आली, तर तो नुसता चावटपणा नाही. युरोपीय संघाच्या २००५ च्या ग्राहक निर्देशात 'फक्त थोड्याच वेळासाठी' असं खोटं सांगून घाईने निर्णय घ्यायला लावणं सरळ निषिद्ध यादीत आहे. तुमचे खेळाडू तिथेही आहेत, हे वरिष्ठांना सांगून बघ. नीतीच्या गोष्टींनी न हललेली माणसं याने हलतात.

सगळ्यात कंटाळवाणं काम आता सांगते, आणि सगळे घोळ तिथेच होतात. डेटाबेसमध्ये खेळाडूकडे वस्तू 'आहे' किंवा 'नाही' एवढंच लिहिलेलं असेल तर तुमच्याकडे खूणच नाही. दुकानात एकदा विक्री झाली की जुना कोण आणि नवा कोण हे कायमचं मिसळलं. प्रत्येक वस्तूमागे चार गोष्टी हव्यात: मिळाल्याची वेळ, तीही यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, सीझन क्रमांक, कोणत्या मार्गाने मिळाली, आणि ती व्यवहाराची कोणती नोंद. मार्ग म्हणजे पास, दुकान, स्पर्धा, मित्राची भेट, किंवा तक्रारी बघणाऱ्या सपोर्ट टीमने दिलेली भरपाई. जुनी माहिती नसेल तर व्यवहारांच्या लेजरमधून उलटं बांधून काढावं लागेल. ते करताना रीफंड झालेले आणि बँकेने पैसे परत खेचलेले व्यवहार वजा कर. दोन प्लॅटफॉर्मची खाती जोडलेल्यांमध्ये कोणत्या खात्याची तारीख टिकली ते बघ. जोडणीच्या दिवसाची तारीख पडली असेल तर जुना माणूस कागदावर नवा दिसतो, आणि त्याची खूण गेली की तो सपोर्टला जे लिहितो ते वाचवत नाही. शेवटच्या रात्री सर्व्हर कोसळला असेल तर सीझन संपण्याची वेळ तेवढी पुढे ढकललेली असते, ती नोंद शोध. पायरी गाठली पण 'मिळवा' बटण दाबलं नाही अशांना बक्षीस आपोआप मिळालं होतं का, तेही विचार. नसेल मिळालं तर आत्ता दे. ते त्यांचंच आहे.

एक गोष्ट जाता जाता. दुर्मीळ स्किन असलेली खाती चोरांना जास्त हवी असतात. खुणा वाढवताना टू-फॅक्टर लॉगिनचा, म्हणजे पासवर्डच्या जोडीला दुसरी खातरजमा मागणाऱ्या लॉगिनचा, आग्रह धर. फोर्टनाइटने २०१८ मध्ये ते सुरू करणाऱ्याला बूगी डाउन हा इमोट फुकट दिला होता. बक्षिसाचा इतका सरळ उपयोग क्वचित दिसतो.

सोमवारच्या टिपणात मूळ मालकांची संख्या लिहिशील तेव्हा सपोर्टच्या हातून दिलेल्या स्किन्स वेगळ्या मोज. भरपाई म्हणून कुणी किती वाटल्या हे बहुधा कुणालाच माहीत नसतं. तो आकडा आधी मिळव, वाक्यरचना नंतर बघू. रविवारी रात्रीपर्यंत मसुदा पाठवलास तर मी वाचून ठेवते.